पाय लाल दिसतोय म्हणजे रक्त पोचतंय असं नाही

पत्र असं आहे:

ताई, माझी आई ६८ वर्षांची, शुगर १५ वर्षांपासून, गावी भावाकडे असते, बार्शीजवळ. मागच्या दिवाळीपासून चालताना डाव्या पोटरीत गोळे येतात, दोन मिनिटं थांबलं की जातात. सगळे म्हणाले नस दबलीय, कमरेचा एमआरआय पण झाला. आता महिनाभर रात्री पाय ठणकतो, झोपत नाही, पलंगावरून पाय खाली सोडून बसून असते. शेवटी डॉप्लर, म्हणजे पायातल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, केला, त्यात लिहिलंय डाव्या एसएफएमध्ये ऑक्लुजन आणि खाली मोनोफेजिक फ्लो. पुण्यातल्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनची अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनंतरची मिळालीय. भाऊ रोज तेल लावून पाय रगडतो, वहिनी गरम पाण्याची पिशवी देते, शेजारच्या काकूंनी व्हेरिकोजचे स्टॉकिंग आणून दिलेत. करंगळीला चपलेनं जरासं घासलंय ते तीन आठवडे झाले भरत नाहीये. आई मिश्री लावते, आणि नवरात्रात नऊ दिवस अनवाणी असते. मला फोनवर विचारते, पाय कापणार का गं माझा. भावाला काही सांगायला गेलं की म्हणतो तू लांबून सांगू नकोस. या पाच आठवड्यांत मी नक्की काय करू?
– एक मुलगी, पिंपरी

अगं, तुझं पत्र वाचलं आणि तो पाच आठवड्यांचा आकडा मी परत एकदा वाचला. बाकी सगळं बोलूच आपण पण आधी हे, की पाच आठवडे थांबायचं नाही. आईच्या पायाला रक्त आणणारी धमनी बुजलीय, चालताना गोळा येणं ही या आजाराची एक पायरी, रात्री झोपेत पाय ठणकणं ही त्याच्या पुढची, आणि न भरणारी जखम ही त्याच्याही पुढची. तुझी आई तिसऱ्या पायरीवर आहे आणि तारीख मात्र पहिल्या पायरीवरच्या पेशंटची मिळालीय, कारण फोनवर तू बहुतेक एवढंच सांगितलं असशील की पायाच्या नसा ब्लॉक आहेत. रिसेप्शनवर बसलेल्या मुलीला यातलं अर्जंट काय ते कसं कळणार?

उद्या सकाळी परत फोन कर आणि एका दमात सांग, की आईला १५ वर्षं शुगर आहे, डॉप्लरमध्ये डावी एसएफए बंद आलीय, महिनाभर रात्रीचं दुखणं आहे आणि करंगळीवर तीन आठवडे न भरलेली जखम आहे, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. रिपोर्टचा आणि जखमेचा फोटो पाठवू का विचार. दोन आठवड्यांच्या वर रात्रीचं दुखणं किंवा जखम असली की सर्जन ते पाय धोक्यात आहे असंच धरतात, त्यामुळे तिथं बसलेल्या माणसानं हे ऐकलं की तारीख बहुतेक वेळा लवकरची मिळते. नाहीच मिळाली तर बार्शीच्या ज्या डॉक्टरांनी डॉप्लर करायला सांगितला त्यांना विनंती कर की तुम्ही स्वतः एक फोन करा, डॉक्टरनं डॉक्टरला केलेल्या फोनला वजन असतं. तेही जमलं नाही तर दुसरा व्हॅस्क्युलर सर्जन बघ, किंवा सोलापूरच्या सिव्हिलमध्ये नाहीतर पुण्यात ससूनला सर्जरीच्या ओपीडीत आईला याच आठवड्यात दाखव. एकाच डॉक्टरच्या नावावर अडून बसू नकोस. पायातली अँजिओप्लास्टी, म्हणजे बुजलेली धमनी आतून फुग्यानं उघडणं, व्हॅस्क्युलर सर्जन करतात तशी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट पण करतात.

मी २८ वर्षं सर्जरी वॉर्डात सिस्टर होते. या आजारात सगळ्यात जास्त घोळ कशानं होतो सांगू, आपल्या ‘नस’ या एका शब्दानं. मेंदूचे निरोप नेणारी ती पण नस, रक्त वर नेणारी निळी दिसते ती पण नस, आणि हृदयाकडून रक्त खाली आणणारी ती पण नसच. म्हणून कुणी म्हणालं नस दबलीय आणि तुमचा कमरेचा एमआरआय झाला, काकूंनी ऐकलं नसांचा त्रास आणि त्यांनी प्रेमानं व्हेरिकोजचे स्टॉकिंग आणले. तुझ्या आईची खराब झालीय ती हृदयाकडून रक्त आणणारी, धमनी. ते घट्ट स्टॉकिंग रक्त वर ढकलायला असतात, आईच्या पायात मुळात खालीच रक्त कमी उतरतंय आणि त्यावर वरनं आवळलं तर उरलंसुरलं पण अडतं, कातडी मरू शकते. ते आजच काढा आणि कपाटात पण ठेवू नका, नाहीतर कुणीतरी परत चढवेल.

भाऊ शेती करत असेल तर त्याला हे असं सांग. एसएफए म्हणजे मांडीतली मोठी पाइपलाइन. ती चोकअप झालीय. खालच्या वावराला आता जे पाणी जातंय ते कडेच्या बारक्या बारक्या चाऱ्यांनी जातंय. मोनोफेजिक म्हणजे तेच, चांगल्या धमनीत प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट जोरात पुढं, जराशी मागं, परत पुढं अशी जाते, ब्लॉकच्या खाली ती एकच मलूल लाट राहते. बसून राहिलं तर तेवढ्यात भागतं, चालायला लागलं की पोटरीला जास्त लागतं आणि ती बोंब मारते. जखम भरायला तर नुसत्या बसण्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त लागतं, म्हणून करंगळीचं ते एवढंसं घासलेलं भरत नाहीये. मलम कमी पडलेलं नाही, पाणीच कमी आहे.

आता गरम पाण्याची पिशवी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. माझ्या वडलांना पण शुगर होती आणि थंडीत पाय गार पडायचे. एका रात्री मीच पिशवी भरून त्यांच्या पायाशी ठेवली, हाताला लावून बघितली होती, मला तरी फार गरम नव्हती. सकाळी टाचेला रुपयाएवढा फोड. त्यांना कळलंच नाही, कारण शुगरनं पायाची जाणीव गेलेली असते, आणि रक्त कमी असलं की उष्णता वाहून न्यायला कुणी नसतं, ती तिथंच साचते आणि कातडी भाजते. तो फोड भरायला पाच महिने लागले. ज्या दवाखान्यात दाखवलं तिथं नुसतं ड्रेसिंग करत राहिले, पायात रक्त किती पोचतंय ते कळायला घोट्याचं प्रेशर मोजतात ते कुणी मोजलं नाही, आणि मी रोज पेशंटच्या पायाशी काम करणारी बाई असून मलाही ते वेळेत सुचलं नाही. त्यामुळे वहिनीला दोष देऊ नकोस, गार पाय बघून कुणाचाही हात पिशवीकडंच जातो. पण पिशवी बंद, शेकोटी बंद, गरम पाण्यात पाय बुडवून बसणं बंद, हीटर पायाशी लावणं बंद. सैल इलॅस्टिकचे सुती मोजे घाला, वरून गोधडी टाका, खोली उबदार ठेवा, एवढीच ऊब चालते. अंघोळीचं पाणी आधी दुसऱ्यानं कोपरानं बघायचं, आईनं पायानं बघायचं नाही.

तेल लावून रगडणं पण बंद. ब्लॉक रगडून निघत नाही आणि जोरात चोळलं की नाजूक कातडी सोलते. भावाला पायाला हात लावायचाच असेल, आणि मला वाटतं त्याला लावायचाय, त्याची काळजी त्या रगडण्यातूनच बाहेर पडतेय, तर त्याला सांग की रात्री हलक्या हातानं टाचांना आणि तळव्याला खोबरेल लाव, चोळू नकोस, बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नकोस, तिथं ओल राहिली की चिखल्या होतात आणि तिथनंच इन्फेक्शन आत शिरतं.

रात्री पाय खाली सोडल्यावर आईला बरं वाटतं ते खरंच आहे, खाली सोडला की रक्त उताराला लागतं. त्यात एक फसवणूक आहे ती तुम्हाला सगळ्यांना माहीत पाहिजे. खाली सोडलेला पाय लालबुंद दिसतो आणि घरातले म्हणतात बघ की किती लाल आहे, रक्त चांगलं आहे. तसं नसतं. रक्ताला उपाशी राहिलेल्या बारीक बारीक वाहिन्या सगळ्या सताड उघड्या पडलेल्या असतात म्हणून तो तसा दिसतो, तोच पाय आडवा करून थोडा वर धरला की पांढराफटक पडतो. ही लाली म्हणजे आजार वाढल्याची खूण आहे. म्हणून उशा लावून पाय उंच ठेवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट घाला, चार-पाच इंच, म्हणजे आई आडवी झोपेल आणि पाय तरी खालीच राहतील. रात्ररात्र खुर्चीत बसलं की पाय सुजतो आणि सुजेनं जखम अजूनच अडते. टाच गादीवर दाबली जाऊ नये म्हणून पोटरीखाली पातळ चादरीची घडी ठेवा, टाच अधांतरी राहील एवढीच.

करंगळीची जखम घरी जितकी कमी छेडाल तितकं बरं. उकळून गार केलेल्या पाण्यानं नाहीतर सलाईननं पुसायची, कोरडी करायची, स्वच्छ गॉज ठेवून सैल गुंडाळायची. चिकटपट्टी कातडीवर नको, काढताना सोलते. हळद, राख, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड, काही नको. क्रेप बँडेज आवळून तर अजिबात नको. आणि एक नीट ऐक, बोट काळं पडून कोरडं झालं असेल तर ते भिजवू नका, आणि कुठल्याही छोट्या दवाखान्यात ‘थोडं साफ करून देतो’ म्हणून कापू देऊ नका. रक्त किती पोचतंय ते बघितल्याशिवाय कापलं तर ती नवीन कापलेली जागा पण भरत नाही आणि मग अजून वर कापावं लागतं. वॉर्डात मी हे फार वेळा बघितलंय. कुरूप असेल तर कॉर्न कॅप लावू नका, त्यात ॲसिड असतं. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका, आणि आईला दिसत नसेल तर तिनं स्वतः कापूच नयेत.

ज्या चपलेनं लागलं ती टाकून दे. एमसीआर चप्पल म्हणून मऊ रबराची मिळते, शुगरच्या पेशंटसाठीच असते ती, मागं पट्टा असलेली घे, जखमेला घासत नाही ना ते बघून, आणि घरात पण घालायची, न्हाणीघरापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. घालायच्या आधी आत हात घालून झटकायची.

रोज संध्याकाळी एकाच वेळी, उजेडात, वहिनी दोन्ही पायांचे फोटो काढून तुला पाठवू दे, वरून एक, तळव्याचा एक, आणि करंगळीचा जवळून एक. शेजारी शेजारी ठेवलेले फोटो खोटं बोलत नाहीत, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. जखमेभोवती लाली पसरायला लागली, पू आला, वास आला, ताप आला, शुगर एकदम वाढली, नवीन काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि पाय अचानक, म्हणजे तासाभरात, पांढरा आणि बर्फासारखा गार पडला, भयंकर दुखायला लागला किंवा उलट बधिर झाला, बोटं हलेनात, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा नाहीतर गाडी काढायची. रक्त असं अचानक पूर्ण बंद झालं की पाय वाचवायला साधारण सहा तास असतात आणि गावापासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता त्यातच मोजायचा असतो. म्हणून आत्ताच विचारून ठेव की जवळच्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये रात्री व्हॅस्क्युलर सर्जन येतात, आणि तो नंबर भावाच्या आणि वहिनीच्या दोघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह कर, तुझ्या एकटीच्या नको.

चालण्याबद्दल तुला कुणी सांगेल, की दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, आठवड्यात तीनदा अर्धा पाऊण तास, तीन महिने. हा उपाय खरा आहे आणि नुसता चालताना गोळा येणाऱ्यांना फार गुण येतो. पण तुझ्या आईला जखम आहे, रात्रीचं दुखणं आहे, तिला हे आत्ता नाही. सर्जन सांगतील तेव्हा.

गोळ्यांचं. आईला रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन चालू आहे का ते बघ, नसेल तर फिजिशियनला लगेच विचार, कारण ज्या रोगानं पायाची धमनी बुजते तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांत पण असतो, या पेशंटना हार्ट अटॅकचा आणि लकव्याचा धोका मोठा. चालतानाच्या दुखण्यावर सिलोस्टॅझोल नावाची गोळी कुणी सुचवली तर हार्ट फेल्युअर नाही ना ते डॉक्टरांनी आधी बघायला हवं, त्यात ती चालत नाही. मेडिकलमधून पेनकिलर आणून देऊ नका, डायक्लो, कॉम्बिफ्लाम वगैरे, शुगरवाल्यांच्या किडनीला ते जड जातं आणि पुढं सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्यांच्या स्कॅनमध्ये, डाय सोडायचा झाला तर किडनी चांगली हवी. क्रिएटिनिन (किडनीची) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची) या रक्ताच्या तपासण्या आत्ताच करून ठेव, म्हणजे त्यासाठी तिथं जाऊन दिवस मोडणार नाही, आणि शुगरची मेटफॉर्मिन असेल तर डायच्या वेळी चालू ठेवायची की थांबवायची ते विचार. रात्रीचं दुखणं सोसवत नसेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यावर सुरक्षित औषधं आहेत, आईनं सोसत बसायचं काही कारण नाही.

मिश्रीवर घरात भांडण होणार. आपल्याकडं विडी ओढणाऱ्या बापाला सगळे बोलतात पण मिश्री लावणाऱ्या आईला कुणी काही म्हणत नाही कारण ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायचं काहीतरी वाटतं. ती भाजलेली तंबाखूच असते आणि त्यातलं निकोटीन त्या उरलेल्या बारक्या चाऱ्या पण आवळतं. घरात कुणी विडी ओढत असेल तर ती तर सगळ्यात वाईट, ती अंगणाच्या बाहेर. आई म्हणेल मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही. खरंच होत नसेल पहिले काही दिवस, इसबगोल आणून दे. डबी लपवू नका, चाळीस वर्षांची सवय अशी हिसकावून जात नाही, उलट ती शेजारणीकडून मागून लावेल. तिला सांग, एवढं ऑपरेशन होईपर्यंत. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तू आधी बोल आणि मग तिला दे.

नवरात्रातलं अनवाणी राहणं मात्र यावर्षी नाही. हे तू किंवा भावानं हुकमासारखं सांगू नका, आईनंच देवघरात बसून देवीला सांगू दे की पाय बरा झाला की तुळजापूरला पायरीला डोकं टेकवायला येईन. मी बऱ्याच बायकांना असं करताना बघितलंय, एकदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं की त्यांच्या मनावरचं उतरतं. दुपारच्या तापलेल्या फरशीवर बधिर पायाला काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

पैशांचं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आता ती आयुष्मान भारतला जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि आईची प्रोसिजर पॅकेजमध्ये बसते का ते ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचार, हेल्पलाइन १५५३८८. रेशनकार्ड आणि आधारवर आईचं नाव सारखं आहे का ते आत्ताच बघ, अर्धे लोक तिथंच अडकतात.

सर्जनला भेटाल तेव्हा फाइल घेऊन जाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आई किती चालू शकते ते खुणेनं सांगा, दारापासून पारापर्यंत की निम्म्यातच थांबते, आणि रात्री किती वाजता उठते. घोट्याचं प्रेशर, एबीआय, मोजलं का विचारा. शुगरच्या लोकांच्या धमन्या कडक होतात त्यामुळे तो आकडा कधी कधी खोटाच चांगला येतो, मग अंगठ्याचं प्रेशर मोजतात, तेही विचारा. फुग्यानं उघडणार की बायपास, आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे प्रश्न आईच्या समोरच विचारा, पाय तिचा आहे.

भाऊ म्हणतो लांबून सांगू नकोस. त्याचं दुखणं मला कळतं, रात्री उठतो तो आणि सल्ले येतात तुझे. म्हणून सांगण्याऐवजी तू फोन, तारखा, योजना, कागद हे सगळं स्वतःच्या अंगावर घे आणि त्याला तसं म्हण, की पाय तू बघ, बाकीची पळापळ माझी. आणि दोन दिवस सुट्टी काढून गावी जा, वहिनीला एक पूर्ण रात्र झोपू दे.

आईच्या प्रश्नाचं काय. ‘नाही गं, काही नाही होत’ असं म्हणू नकोस, ती फोनवर तुझा आवाज ओळखते. तिला सांग की आई, आत्ता कुणीच सांगू शकत नाही, पण वेळेत रक्ताची वाट मोकळी केली तर पुष्कळ जणांचे असे पाय वाचतात आणि म्हणूनच मी पाच आठवडे थांबत नाहीये, या आठवड्यातली तारीख मागतेय. हे सांगताना फोन नको. गावी जाशील तेव्हा पलंगावर तिच्या शेजारी बसून सांग, आणि ती रडली तर रडू दे. उद्याचा फोन मात्र नऊ वाजता ओपीडी उघडली की लगेच कर.